बाबांची पट्टी तपासायला शिका: कळमन्याच्या बाजारात शेतमाल कसा विकला जातो

मुलांनो, तुमच्यापैकी ज्यांचं गाव उमरेड, भिवापूर, कुही, सावनेर किंवा काटोलकडे आहे, त्यांनी हे नक्की पाहिलं असेल. दिवाळीच्या आगेमागे अंगणात सोयाबीनचे कट्टे, म्हणजे भरलेली पोती, रचलेले असतात. पहाटे माल न्यायला गाडी येते, बाबा मोजून कट्टे चढवतात आणि संध्याकाळी खिशात घडी घातलेला एक कागद घेऊन परततात. आई विचारते, "काय भाव लागला?" बाबा सांगतात. मग आई विचारते, "आणि हातात किती आले?" भावाला वजनाने गुणून येणारा आकडा आणि हा दुसरा आकडा कधीच जुळत नाही.

या दोन प्रश्नांच्या मध्ये काय काय घडतं, तेवढंच आज समजून घ्यायचं आहे. त्या घडीच्या कागदाला पट्टी म्हणतात. सहावीचं गणित येत असेल तर पट्टी तपासता येते आणि घरात ते काम मुलांनी करावं असं मला मनापासून वाटतं. शहरातल्या मुलांनीही सोबत यावं. नागपूरच्या पूर्वेला कळमना इथे कृषी उत्पन्न बाजार समितीचं मोठं आवार आहे. धान्य, मिरची, संत्री, कांदे-बटाटे असा सगळा माल तिथे उतरतो. तुमच्या घरातली तूरडाळ कधीतरी अशाच एखाद्या आवारातून गेलेली असते.

आधी थोडं मागचं

बाजार समिती कशाला हवी? पूर्वी व्यापारी आणि दलाल रुमालाखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबत आणि भाव ठरवत. माल शेतकऱ्याचा, उभाही तो तिथेच, पण काय ठरलं ते त्यालाच कळत नसे. तराजूही व्यापाऱ्याचाच. या लबाडीला आळा घालायचा म्हणून नियम असलेले बाजार सुरू झाले. देशातला असा पहिला कापूस बाजार म्हणून आपल्या विदर्भातल्याच कारंजा लाडचं नाव घेतात, साल १८८६. पुढे १९६३ साली महाराष्ट्राने बाजार समित्यांचा कायदा केला. भाव सगळ्यांसमोर बोलायचा, काटा सगळ्यांसमोर करायचा आणि हिशोब कागदावर द्यायचा, हा त्यामागचा विचार. खालच्या प्रत्येक पायरीवर या तीन गोष्टी लक्षात असू द्या.

पहिली पायरी: माल घरीच तयार होतो

बाजाराचं निम्मं काम अंगणातच होतं. मळणी झाली की सोयाबीनमध्ये कुटार (भुसा), माती, शेंगांचे तुकडे आणि फुटके दाणे राहतात. या कचऱ्याला मातेरं म्हणतात. चाळणी मारून आणि पंख्यासमोर उपणून ते काढायचं. पुढच्या वर्षीच्या पेरणीसाठी चांगलं बियाणं बाजूला ठेवायचं. उरलेलं ताडपत्रीवर पातळ पसरून उन्हात वाळवायचं.

वाळवण्याचा आळस किती महागात पडतो, ते गणितानेच पाहू. समजा १०० किलो सोयाबीनमध्ये १८ टक्के ओलावा आहे. म्हणजे १८ किलो पाणी आणि ८२ किलो कोरडा दाणा. बाजारात साधारण १२ टक्के ओलावा चालतो. तेवढा येईपर्यंत वाळवलं तर वजन किती भरेल? ८२ भागिले ०.८८, म्हणजे साधारण ९३ किलो. जवळपास ७ किलो पाणी होतं. ते कोणी सोयाबीनच्या भावाने विकत घेणार नाही. शिवाय ओल्या मालाला गोदामात बुरशी लागते. म्हणून ओला माल दिसला की व्यापारी भाव पाडतो आणि बहुतेक वेळा ७ किलोंपेक्षा जास्तच पाडतो. घरी दाणा दाताखाली धरून पाहा. कडक तुटला तर वाळला. दबला तर अजून एक ऊन हवं.

कट्टे भरल्यावर प्रत्येकाचं वजन वहीत लिहा. हे विसरू नका. पुढे हीच वही कामाला येते.

दुसरी पायरी: भाव वाचायला शिका

बाजारभाव फोनवर, वर्तमानपत्रात आणि बाजाराच्या फलकावर असतात. प्रत्येक पिकापुढे आवक, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर असे रकाने दिसतात. आवक म्हणजे त्या दिवशी किती क्विंटल माल आला. एक क्विंटल म्हणजे १०० किलो. कमाल दर पाहून मोठी माणसंही हुरळून जातात, तुम्ही हुरळू नका. तो दर कदाचित त्या दिवशीच्या सगळ्यात सुंदर अशा एकाच ढिगाला मिळालेला असतो. आपल्या मालाला अंदाजे काय मिळेल, हे सर्वसाधारण दरावरून कळतं.

आठ दिवस रोज आवक आणि सर्वसाधारण दर लिहून काढा. आवक वाढली की भाव खाली येतो, असं बरेचदा दिसेल. दिवाळीच्या तोंडावर सगळ्यांना एकदमच पैसे लागतात. कृषी केंद्राची उधारी, पीककर्ज, मळणीची मजुरी, तुमचे कपडे. मग सगळे एकाच आठवड्यात माल आणतात. आणि भाव फक्त आवकेवरच ठरतो असं नाही. सोयाबीनमध्ये साधारण १८ टक्के तेल असतं, तेल काढल्यावर उरलेली ढेप कोंबड्यांच्या खाद्यात जाते. आपला देश निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो. ते तेल स्वस्त झालं की कुहीच्या वावरातल्या सोयाबीनचाही भाव उतरतो.

तिसरी पायरी: कुठे विकायचं?

ही पायरी नीट समजून घ्या. बाकी सगळं हिच्यावर उभं आहे.

समजा बाबांकडे १२ कट्टे आहेत, निव्वळ वजन ७२० किलो, म्हणजे ७.२० क्विंटल. पुढचे भाव आणि दर समजण्यासाठी धरलेले आहेत, तुम्ही तुमच्या गावचे टाका. गावातला व्यापारी दारात येऊन ४,१५० रुपये क्विंटल देतो. कळमन्यात ४,३०० मिळतील असं दिसतं. क्विंटलमागे दीडशे जास्त, म्हणून कळमना बरं?

गावात: ७.२० × ४,१५० = २९,८८० रुपये. गाडीभाडं नाही, हमाली नाही.

कळमन्यात: ७.२० × ४,३०० = ३०,९६० रुपये. त्यातून कट्ट्यामागे १० रुपये हमाली म्हणजे १२०, कट्ट्यामागे ४ रुपये तोलाई (वजन करण्याची मजुरी) म्हणजे ४८ आणि कट्ट्यामागे ६० रुपये गाडीभाडं म्हणजे ७२० वजा करा. उरले ३०,०७२.

फरक १९२ रुपयांचा. बाबांचा अख्खा दिवस गेला, वर त्यांचं जेवण. "बाबा गावातच स्वस्तात का विकतात?" असं मनात येत असेल तर हा हिशोब पाहा. माल जास्त असेल किंवा शेजारच्या दोघांनी मिळून गाडी केली, तर भाडं कमी पडतं आणि तोच हिशोब कळमन्याच्या बाजूने झुकतो. मात्र गावच्या व्यापाऱ्याचा काटा बरेचदा कोणी तपासलेला नसतो. वहीतली वजनं तिथेही हाताशी ठेवा.

तिसरी वाट हमीभावाची. कृषी खर्च आणि मूल्य आयोगाच्या शिफारशीवर केंद्र सरकार दरवर्षी काही पिकांचे किमान भाव जाहीर करतं. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये, तुरीचा ८,००० रुपये, मध्यम धाग्याच्या कापसाचा ७,७१० आणि लांब धाग्याच्या कापसाचा ८,११० रुपये क्विंटल आहे. आपल्या उदाहरणात ४,३०० आणि ५,३२८ मधला फरक ७.२० क्विंटलवर ७,४०१ रुपये ६० पैसे होतो. एवढा मोठा! मग सगळे तिथेच का जात नाहीत? कारण हमीभावाने घेणारी केंद्रं ठरावीक ठिकाणी आणि ठरावीक काळात उघडतात. आधी नाव नोंदवावं लागतं. सातबारा, आधार आणि बँकेचं पासबुक लागतं. आपला नंबर येईपर्यंत थांबावं लागतं. ओलावा जास्त निघाला तर माल परत येतो. ज्याच्या दारात उधारीवाला उभा आहे, त्याला थांबणं परवडत नाही. तुमच्या घरी थांबणं शक्य असेल तर नोंदणी कधी सुरू होते याकडे तुम्ही लक्ष ठेवा, फोन तुम्हाला मोठ्यांपेक्षा चांगला हाताळता येतो.

चौथी पायरी: गेटापासून ढिगापर्यंत

कळमन्याच्या गेटवर मालाची नोंद होते. गाडी अडत्याच्या गाळ्यासमोर किंवा शेडमध्ये लागते. अडत्या म्हणजे शेतकऱ्याचा माल आपल्या गाळ्यावर उतरवून घेणारा, त्याची विक्री करून देणारा आणि पैसे मिळवून देणारा माणूस. तो स्वतः माल विकत घेत नाही, मध्ये उभा राहतो आणि त्याबद्दल अडत, म्हणजे दलाली, घेतो. फळं आणि भाजीपाल्यावरची अडत २०१६ पासून महाराष्ट्रात शेतकऱ्याकडून नव्हे तर खरेदीदाराकडून घ्यायची आहे. बाजार समितीचा सेस, म्हणजे बाजार शुल्कही, खरेदीदारच भरतो. तो शेतकऱ्याच्या पट्टीतून कापलेला दिसला तर विचारायचं.

हमाल कट्टे उतरवतात. पाठीवर कट्टा घेतलेला हमाल "बाजू, बाजू" म्हणत येतो तेव्हा खरंच बाजूला व्हा. त्याला मान वळवता येत नाही.

पाचवी पायरी: हर्रास

आपल्याकडे लिलावाला हर्रास म्हणतात. पाच-दहा खरेदीदारांचा घोळका एका ढिगाकडून दुसऱ्याकडे सरकत असतो. आपल्या ढिगाशी आला की नीट बघा. एकजण ढिगात कोपरापर्यंत हात खुपसून आतला माल वर काढतो, वर चांगला आणि आत ओला असं तर नाही ना, ते पाहायला. दुसरा ओंजळीत दाणे घेऊन फुंकर मारतो, कुटार किती उडतं ते बघतो. मग तळहातावर दाणे पसरून एका बोटाने डागी आणि हिरवे दाणे वेगळे सारतो. शेवटी एक दाणा दातात. ओलावा मोजायचं यंत्रही असतं, वाटीभर दाणे टाकले की आकडा दाखवतं. वाद झाला तर शेतकऱ्याला यंत्राने मोजा असं म्हणता येतं.

मग बोली. "एकेचाळीस!" म्हणजे ४,१००. कोणी पन्नास चढवतो, कोणी दहा-वीस. थांबली की शेवटचा आकडा आणि घेणाऱ्याचं नाव लिहिलं जातं. सगळं दोन मिनिटांत उरकतं. चार महिन्यांचं पीक आणि दोन मिनिटं! लहानपणी मला याचंच सगळ्यात जास्त वाईट वाटायचं. बाबा ढिगाच्या बाजूला उभे असत आणि बोलणाऱ्यांच्या तोंडाकडे बघत. त्यांना त्या दोन मिनिटांत एकच शब्द बोलता यायचा, तो म्हणजे "नाही". भाव पटला नाही तर शेतकरी विकायला नकार देऊ शकतो. पण परतीचं गाडीभाडं आठवलं की तो शब्द ओठांवरून परत जातो.

आता संगणकावरही बोली लागते. एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालेल्या ई-नाम या व्यवस्थेत मालाचा दर्जा आणि ओलावा तपासून नोंदवतात आणि दूरचा व्यापारीही बोली लावू शकतो. तिथे ओलाव्याचा आकडा कागदावर येतो, हे मला फार आवडतं.

सहावी पायरी: काटा आणि कडता

काट्यावर माल ठेवायच्या आधी आकडा शून्यावर आहे का, ते बघा. एवढं करायला धीर लागतो, पण वही घेऊन उभ्या असलेल्या पोराला कोणी रागावत नाही.

आता माझी एक गोष्ट. मी सहावीत होते. बाबांची पट्टी गुणाकाराचा सराव म्हणून सोडवायला घेतली आणि उत्तर येईना. वहीत घरी केलेलं वजन होतं आणि पट्टीवर १२ किलो कमी. बाबा म्हणाले, "बारदान्याचं कापलं असेल." म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन, कट्ट्यामागे एक किलो. मी घरातला रिकामा प्लास्टिकचा कट्टा किराणा दुकानात नेऊन तोलला. १५० ग्रॅम भरला. बारा कट्ट्यांचे १.८ किलो होतात, कापले होते १२. जास्तीच्या अशा कपातीला कडता म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. आजच्या उदाहरणातल्या भावाने ते १०.२ किलो म्हणजे ४३८ रुपये ६० पैसे. पुढच्या फेरीला बाबांनी त्या अडत्याला वही दाखवली. तो काही बोलला नाही, पण त्या दिवसापासून आमच्या पट्टीवर बारदाना २०० ग्रॅमने कापला जाऊ लागला.

आता वरचा हिशोब पुन्हा करा. ३०,०७२ मधून ४३८.६० गेले तर उरतात २९,६३३ रुपये ४० पैसे. गावात दारात मिळत होते त्याहूनही कमी!

सातवी पायरी: पट्टी आणि चुकारा

पट्टी हातात आली की बोट ठेवून वाचा. तारीख, शेतकऱ्याचं नाव, खरेदीदाराचं नाव, कट्टे किती, एकूण वजन, बारदाना, निव्वळ वजन, भाव, एकूण रक्कम, हमाली, तोलाई, हातात येणारी रक्कम. भाव हर्राशीत ठरला तोच आहे का? निव्वळ वजन वहीशी जुळतं का? हमाली-तोलाईचे दर बाजार समितीने ठरवलेले असतात, ते कार्यालयात विचारता येतात. "इतर खर्च" असं मोघम लिहून रक्कम टाकली असेल तर "हा कशाचा खर्च?" असं विचारायला बाबांना सांगा. कच्च्या चिठ्ठीवर हिशोब दिला तर छापील पट्टी मागायची. तक्रार करायची वेळ आली तर चिठ्ठी कोणी मानत नाही.

मालाचे पैसे मिळण्याला आपल्याकडे चुकारा म्हणतात. पैसे मिळाले की रक्कम आणि तारीख त्याच वहीत लिहा.

संत्र्याचं मात्र वेगळं आहे

सोयाबीन कोरडं ठेवलं तर दोन-चार महिने थांबतं. संत्रं थांबत नाही. आपल्या नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याची साल पोकळ, पटकन सोलता येते, आणि त्यामुळेच ते लवकर दबतं आणि नासतं. बहार म्हणजे झाड फुलण्याचा हंगाम. अंबिया बहाराची फळं साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चकडे.

काटोल, नरखेड, वरुडकडचे बरेच शेतकरी फळं झाडावर असतानाच बाग व्यापाऱ्याला देतात. तोडणी, गाडी, सगळं त्याचं. जे स्वतः आणतात त्यांचा माल कळमन्यात मोठं, मध्यम आणि चुरी असा निवडला जातो. चुरी म्हणजे बारीक फळ. भाव टनावर बोलतात, एक टन म्हणजे १० क्विंटल. एकाच झाडाचं मोठं फळ आणि चुरी यांच्या भावात खूप अंतर पडतं, म्हणून ढीग लावण्याआधी निवड शेतकऱ्याने स्वतः करावी.

नागपुरी संत्र्याचा मोठा गिऱ्हाईक बांगलादेश. २०१९ नंतर त्या देशाने आयात शुल्क वाढवत नेलं, तिकडे जाणारा माल घटला, तो इथल्याच बाजारात आला आणि भाव पडले.

थांबायचं असेल तर

काही बाजार समित्यांकडे शेतमाल तारण योजना असते. भाव पडलेला असताना सोयाबीन, तूर, हरभरा असा माल गोदामात ठेवायचा आणि त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज घ्यायचं, व्याज वर्षाला ६ टक्के, मुदत सहा महिने. दहा क्विंटल सोयाबीन ४,३०० च्या भावाने ४३,००० रुपयांचं. कर्ज मिळेल ३२,२५०. तीन महिन्यांचं व्याज ४८३ रुपये ७५ पैसे. तेवढ्या काळात भाव क्विंटलमागे ५० रुपयेही वाढला तर व्याज निघून थोडे उरतात. भाव पडला तर तोटा, तेही मनात धरायचं. उधारीवाला दारात असलेल्या घराला या योजनेचा सगळ्यात जास्त उपयोग आहे, आणि नेमकं त्याच घरांपर्यंत हे नाव पोचलेलं नसतं. आपल्या जवळच्या बाजार समितीत ती आहे का, हे तुम्ही विचारून या.

वर्गात हर्रास भरवा

शाळेच्या पोषण आहारातले तांदूळ नकोत, घरून प्रत्येकाने ओंजळभर हरभरा आणा. तीन ढीग करा: एक निवडलेला, एकात मुद्दाम खडे आणि फुटके दाणे, एकावर पाणी शिंपडलेलं. चौघं खरेदीदार, एक अडत्या, एक मापाडी (वजन करणारा), तिघं शेतकरी. खरेदीदारांनी आधी तपासायचं, मग सगळ्यांना ऐकू येईल असं बोलायचं. नंतर एकदा तोच खेळ रुमालाखाली बोटं दाबून खेळा. शेतकरी झालेल्या मुलांना दोन्ही वेळा विचारा, तुला भाव कळला का? मापाड्याने एका ढिगात गुपचूप थोडं कमी वजन सांगायचं आणि पट्टी लिहिल्यावर ते कोणी पकडतं का ते बघायचं. आमच्याकडे मागच्या वेळी ते चौथीतल्या एका मुलीने पकडलं. तिने हरभरा घरूनच तोलून आणला होता.